रिंग भरते आहे, म्हणून शेअर घ्यावेत का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पत्र लिहिणारे गृहस्थ एका दूरसंचार कंपनीच्या नेटवर्क विभागात १४ वर्षं आहेत. वय ४३. महानगरभर फिरणारी फायबरची रिंग हे त्यांचं रोजचं काम: केबल कुठे तुटली, कुठल्या जोडावर (स्प्लाइसवर) प्रकाशाचा लॉस वाढला, कुठला चॅनल भरत आला. ते लिहितात, ‘जिथे १० जीचे (सेकंदाला १० गिगाबिटचे) चार चॅनल वर्षानुवर्षं पुरले, तिथे आज ४०० जी टाकलं तरी दीड वर्षात पुन्हा मागणी येते. गेल्या महिन्यात आम्ही ट्रान्सपॉन्डरचं आख्खं शेल्फ उतरवलं आणि बोटाएवढी मॉड्यूल थेट राउटरमध्ये बसवली. काढलेली कार्डं स्टोअरमध्ये पडून आहेत. ही वाढ थांबणारी नाही, मी डोळ्यांनी बघतोय. मग ही यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांत पैसे का घालू नयेत?’

एकूण बचतीतली ६० टक्के रक्कम ऑप्टिकल नेटवर्किंगच्या तीन कंपन्यांत घालायचा त्यांचा विचार आहे. त्यातला एक भाग मुलीच्या उच्च शिक्षणासाठी राखलेला आहे, तो सहा वर्षांनी लागेल. लांब पल्ल्याच्या जाळ्यांचे दिवस सरले, आता मेट्रोची, म्हणजे शहरातल्या जाळ्यांची, पाळी, असं त्यांनी वाचलं आहे. पत्नीला हे सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, ‘तुझा पगारही त्याच तारेतून येतो ना?’ यावर काय उत्तर द्यावं, हे त्यांना सुचलेलं नाही.

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुमच्या पत्नीचं आहे. त्याच्याकडे मी येणारच आहे, पण आधी तुमचं जे बरोबर आहे ते बोलू.

वाहतूक वाढते आहे आणि त्यातली बरीच वाढ शहराच्या परिघातच होते आहे, हे तुमचं निरीक्षण पक्कं आहे. कारणं तुम्हाला ठाऊक असतील, इतर वाचकांसाठी सांगते. पूर्वी व्हिडिओ कुठल्या तरी लांबच्या सर्व्हरवरून यायचा. मग नेटफ्लिक्ससारख्यांनी २०१२ च्या सुमारास आपले साठवणीचे सर्व्हर इंटरनेट पुरवठादारांच्या इमारतीतच ठेवायला सुरुवात केली. चित्रपट एकदा लांबून येतो आणि मग शहरातल्या शहरात हजारदा फिरतो. क्लाउडची गोष्ट वेगळी, पण तीही त्याच ठिकाणी येऊन पोचते. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद. १०० किलोमीटर जाऊन परत यायला झाला १ मिलिसेकंद. दोन डेटा सेंटरना एकमेकांची नक्कल क्षणाक्षणाला जुळती ठेवायची असेल तर याहून फार लांब राहून भागत नाही. ॲमेझॉन आपल्या एका क्लाउड विभागातली केंद्रं एकमेकांपासून १०० किलोमीटरच्या आत ठेवते, ते याच हिशेबाने. त्या केंद्रांना जोडणारं फायबर म्हणजेच तुमचं मेट्रो नेटवर्क.

इथवर आपलं एकमत. पण ‘वाहतूक वाढते’ इथून निघून तुम्ही थेट ‘शेअर घ्यावेत’ इथे उतरलात. मधल्या पायऱ्या राहिल्या. वाहतूक वाढली म्हणून नेटवर्कवाल्या कंपन्यांचा यंत्रांवरचा खर्च तेवढाच वाढतो का? वाढला तर तो पैसा तुम्ही निवडलेल्या तीन कंपन्यांकडेच जाईल का? गेला तर त्यातून नफा उरेल का? आणि उरणार असेल, तर शेअरच्या आजच्या भावात तो आधीच धरलेला नाही ना? तुमच्या पडद्यावर यातलं काहीच दिसत नाही. तिथे दिसते ती फक्त वाहतूक.

पहिली पायरी घेऊ. समजा, वाहतूक वर्षाला ३० टक्के वाढली आणि त्याच वर्षात दर बिटामागचा यंत्रखर्च २५ टक्के उतरला. १.३० गुणिले ०.७५ करून पाहा, उत्तर ०.९७५ येतं. म्हणजे रिंग भरभरून वाहते आहे आणि यंत्रांवरचा एकूण खर्च मात्र किंचित घटला. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण या धंद्याची घडण अशीच आहे. तीच काच जमिनीत ठेवून दोन टोकांची यंत्रं बदलायची आणि दहापट, चाळीसपट माल वाहायचा, हेच तर या तंत्राचं वैशिष्ट्य! अभियंत्याला ज्याचा अभिमान वाटावा, तेच भागधारकाला जाचक ठरतं.

हे एकदा मोठ्या प्रमाणावर घडून गेलं आहे. काचेतल्या काचेत एकाच वेळी अनेक तरंगलांबींचं बळ वाढवणारे अर्बियमचे ॲम्प्लिफायर १९८० च्या दशकाच्या अखेरीस आले. त्यांच्या जोरावर एकाच धाग्यातून अनेक रंगांचे प्रकाश पाठवता येऊ लागले. १९९६ मध्ये सिएना या यंत्रकंपनीने स्प्रिंट या दूरसंचार कंपनीला १६ चॅनलची यंत्रणा दिली. एका धाग्याचे सोळा झाले, तेही खणल्याशिवाय. त्याच सुमारास वर्ल्डकॉम या अमेरिकन दूरसंचार कंपनीच्या गोटातून एक वाक्य निघालं: इंटरनेटची वाहतूक दर १०० दिवसांनी दुप्पट होते. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याच्या १९९८ च्या अहवालातही ते जाऊन बसलं. १०० दिवसांत दुप्पट म्हणजे वर्षात बारापटीहून जास्त. ॲन्ड्र्यू ओड्लिझ्को हे गणिती तेव्हा एटी अँड टीच्या संशोधन विभागात होते. त्यांनी हिशेब मांडून दाखवलं की खरा वेग वर्षाला दुपटीच्या आसपास आहे. दरवर्षी दुप्पट हीसुद्धा केवढी झेप! पण लोकांनी केबल ओढल्या होत्या त्या बारापटीच्या भरवशावर, आणि त्यात प्रत्येक धाग्याची क्षमता भराभर वाढत होती. पुढचं तुम्हाला माहीत आहे. २००२ च्या जानेवारीत जगभर फायबर टाकणारी ग्लोबल क्रॉसिंग दिवाळखोरीत गेली, जुलैत वर्ल्डकॉम. खुद्द काच बनवणाऱ्या कॉर्निंगचा शेअर २००० मध्ये ११० डॉलरच्या वर होता, तो २००२ च्या शरदात दीड डॉलरच्याही खाली आला. आणि तेवढ्या काळात इंटरनेटची वाहतूक मात्र वाढतच होती.

इथे थोडं स्वतःचं सांगते. २००० साली मीही एका ऑप्टिकल भाग बनवणाऱ्या कंपनीचे शेअर घेतले होते. एका ओळखीच्या संशोधकाने ॲम्प्लिफायरला बळ पुरवणारा पंप लेझर कसा चालतो हे मला इतकं सुंदर समजावून दिलं की मला वाटलं, आपल्याला कंपनीच कळली. लेझर खरंच कळला होता. तो विकत कोण घेतं आणि ते घ्यायचे थांबले तर काय होतं, हे मी विचारलंच नव्हतं. घेतले त्याच्या दहाव्या हिश्शात विकले.

आता मेट्रोच्या लाटेबद्दल. ‘लांब पल्ल्याचं झालं, आता मेट्रो’ हे मी पहिल्यांदा ऐकलं त्याला २५ वर्षं झाली. १९९९ मध्ये सिस्कोने सेरेन्ट नावाची छोटी कंपनी सुमारे ६.९ अब्ज डॉलर मोजून घेतली. तिचं यंत्र शहरी रिंगांसाठीच होतं. ओएनआय सिस्टिम्स ही मेट्रोसाठी बहुरंगी यंत्रणा बनवणारी कंपनी जून २००० मध्ये बाजारात आली आणि पहिल्याच दिवशी शेअर तिपटीच्या वर गेला. २००२ मध्ये ती सिएनात विलीन झाली तेव्हा त्या भावाची आठवणही कुणी काढत नव्हतं.

पण मला तुम्हाला खरी सांगायची आहे ती मेट्रोमीडिया फायबर नेटवर्कची गोष्ट. या कंपनीने न्यूयॉर्कसारख्या महानगरांच्या पोटात फायबर टाकलं आणि ते ‘डार्क’, म्हणजे टोकाला यंत्रं न लावता, नुसती काच म्हणून भाड्याने द्यायला काढलं. शहरांतल्या इमारतींना प्रचंड क्षमता लागणार आहे, हा त्यांचा होरा होता. तुमच्याच पत्रातला विचार, २५ वर्षं आधी. मे २००२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. २००३ मध्ये कर्जाचं ओझं उतरवून ती अबव्हनेट या नावाने उभी राहिली, पण जुन्या भागधारकांच्या हाती काही लागलं नाही. २०१२ मध्ये झेयो या कंपनीने ती सुमारे २.२ अब्ज डॉलरना विकत घेतली. झेयो २०१४ मध्ये १९ डॉलरना शेअर बाजारात आली आणि २०२० मध्ये दोन गुंतवणूक संस्थांनी दर शेअरला ३५ डॉलर देऊन ती पुन्हा खाजगी केली. कर्जासकट सगळा व्यवहार १४.३ अब्जांचा झाला.

ही गोष्ट मी लोकांना सांगते तेव्हा काहीजण म्हणतात, बघा, फायबर हाच शेवटी पैसा. काहीजण म्हणतात, बघा, फायबर म्हणजे बुडीत खातं. दोघांनाही मी म्हणते, काच तीच होती. रस्ते तेच, पाइप तेच, मॅनहोल तेच. होराही बरोबरच निघाला, फक्त पैसे मिळाले ते पुढच्या मालकांना. पहिल्याने पूर्ण खर्चाने आणि कर्जाने खणलं, दुसऱ्याला ते कर्जावेगळं मिळालं, तिसऱ्याने बेताच्या किमतीला उचललं. तुम्ही आज शेअर घ्याल तेव्हा या तिघांपैकी कोण असाल? तुमच्या पत्रात कंपन्यांच्या तंत्राबद्दल दीड पान आहे आणि भावाबद्दल एक ओळही नाही, म्हणून विचारते.

आता तुम्ही उतरवलेल्या शेल्फकडे येऊ. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुम्ही स्वतःच लिहून पाठवलंय, हे तुमच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

ते शेल्फ ही कुणाची तरी विक्री होती. राउटर एका कंपनीचा, ट्रान्सपॉन्डर दुसरीचा, मधे जोडकेबल, दोन्हींची देखभाल वेगळी. ट्रान्सपॉन्डरचं काम राउटरचा साधा प्रकाश घेऊन तो लांब जाणाऱ्या नेमक्या रंगात बदलायचं. मग ऑप्टिकल उद्योगाच्याच सामाईक मंचाने, ओआयएफने, २०२० मध्ये ४००झेडआर हा करार प्रसिद्ध केला. त्याने तेच काम बोटभर मॉड्यूलमध्ये बसवलं, आणि वेगवेगळ्या कंपन्यांची मॉड्यूल एकमेकांशी बोलतील असं ठरवून दिलं. अंतराची मर्यादा मधे ॲम्प्लिफायर धरून साधारण ८० ते १२० किलोमीटर. हे अंतर कुणाचं? मेट्रोचं! म्हणजे वाढ जिथे आहे, नेमका तिथलाच एक यंत्रप्रकार तुमच्या डोळ्यांदेखत गायब झाला. तुम्ही क्षमता वाढवलीत आणि एका कंपनीचा माल उतरवून ठेवलात, दोन्ही एकाच दुपारी.

तो पैसा कुठे गेला? थोडा मॉड्यूलवाल्याकडे. थोडा मॉड्यूलच्या आत बसणारी चिप बनवणाऱ्याकडे. थोडा राउटरवाल्याकडे, सिस्कोने २०२१ मध्ये अशी मॉड्यूल बनवणारी अकेशिया ४.५ अब्ज डॉलरना घेतली ती उगीच नाही. आणि बराचसा कुणाकडेच गेला नाही, तो तुमच्या कंपनीचा खर्च वाचला. मॉड्यूल एकमेकांशी जुळती झाली की ग्राहक तीन ठिकाणचे भाव मागवतो. तुमचा खरेदी विभाग मागवतोच की! तिथल्या कुणाशी बोललात तर ‘मेट्रोची वाढ’ त्यांच्या टेबलावर कशी दिसते ते कळेल. त्यांचं काम ती वाढ दरवर्षी स्वस्तात घेण्याचं असतं, आणि त्यांच्या समोर बसलेला विक्रेता म्हणजे तुम्ही निवडलेली कंपनी.

इन्फिनेराचं उदाहरण मला यात सगळ्यात बोलकं वाटतं. तंत्रात ही कंपनी कुणाला हार जाणारी नव्हती. इंडियम फॉस्फाइड या पदार्थाच्या एकाच चिपवर अनेक लेझर आणि प्रकाशावर माहिती चढवणारे मॉड्युलेटर बसवून दाखवले, चिपचा कारखानाही स्वतःचा ठेवला. २००७ मध्ये शेअर १३ डॉलरना बाजारात आला. २०१६ मध्ये महसूल सुमारे ८७ कोटी डॉलर होता, तो २०२३ मध्ये सुमारे १६१ कोटी झाला. मधे २०१८ मध्ये कोरिअंट ही दुसरी कंपनी विकत घेतली होती, तिचा वाटा त्यात आहे. आणि २०१६ ते २०२३ या आठही वर्षांत कंपनी तोट्यात होती. २०२५ च्या फेब्रुवारीत नोकियाने ती ताब्यात घेतली, दर शेअरला ६.६५ डॉलरच्या भावाने. १७ वर्षांत जगाची वाहतूक कुठल्या कुठे गेली आणि १३ डॉलरना घेतलेला शेअर निम्म्यावर आला. २००७ मध्ये तुम्ही मला हेच पत्र लिहून हीच कंपनी सुचवली असती, तर तंत्राच्या बाबतीत तुमचा शब्दन्‌शब्द खरा ठरला असता.

दुसरी बाजू लपवायची नाही. २०२४ आणि २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी डेटा सेंटर उभारण्याची धांदल सुरू झाली आणि या क्षेत्रातले काही शेअर कित्येक पट वर गेले. लुमेंटम, सिएना, कॉर्निंग ज्यांच्याकडे आधीपासून होते त्यांनी बक्कळ कमावलं. हेही खरंच. सिएना तर नॉर्टेल ही कॅनडाची बडी यंत्रकंपनी बुडाल्यावर तिचा मेट्रो इथरनेटचा विभाग २०१० मध्ये घेऊन मोठी झाली. पण त्याच सिएनाचा शेअर २००० च्या शिखरावर घेतलेल्या माणसाचा हिशेब करा. २००६ मध्ये कंपनीने सात शेअरांचा एक केला. ते धरलं तर त्याची खरेदी आजच्या एका शेअरला हजार डॉलरच्या आसपास पडते. कंपनी टिकली, वाढली, पहिल्या रांगेत आली, आणि तरी त्या माणसाचे पैसे पाव शतक अडकले.

अशी उलथापालथ याच धंद्यात इतकी का, हेही बघा. गिऱ्हाईक मोजकं. मोठी दूरसंचार कंपनी किंवा क्लाउडवाला, अशा दोन-तीन जणांवर निम्मी विक्री उभी असू शकते. अकेशिया स्वतंत्र होती तेव्हा झेडटीई ही चिनी यंत्रकंपनी तिची मोठी ग्राहक होती. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेने झेडटीईला माल द्यायला बंदी केली आणि अकेशियाचा शेअर एका दिवसात एक तृतीयांशाहून जास्त पडला. तंत्रात काडीचा फरक झाला नव्हता. दुसरं म्हणजे साठ्याचं चक्र. २०२१-२२ मध्ये चिप मिळेनात तेव्हा नेटवर्कवाल्यांनी हाताला लागेल तेवढा माल मागवून ठेवला. २०२३ मध्ये तो गोदामात पडून राहिला आणि नव्या ऑर्डरी आटल्या. तुमच्याही स्टोअरमध्ये त्या काळातली सीलबंद खोकी असतील. तुमच्या रिंगवर तेव्हा वाहतूक कमी झाली होती का? नाही ना? विक्री मात्र झाली होती.

आणि एक बारीक गोष्ट. या क्षेत्रातला जगातला सगळ्यात मोठा यंत्रनिर्माता, हुआवे, शेअर बाजारात नाहीच. म्हणजे वाढीचा एक मोठा तुकडा विकत घ्यायची सोयच नाही, आणि उरलेल्यांना त्याच्याशी भावात झुंजावं लागतं.

आता तुमच्या पत्नीचा प्रश्न.

१४ वर्षांचा अनुभव, पुढच्या १५-१७ वर्षांचा पगार, बढती, कौशल्याला असलेला भाव, हे सगळं तुम्ही आधीच याच उद्योगात गुंतवलेलं आहे. शेअर खात्यात ते दिसत नाही म्हणून आपण ते मोजत नाही. त्यांनी ते एका ओळीत मोजलं. ज्या वर्षी नेटवर्क कंपन्या खर्चाला कात्री लावतात, त्याच वर्षी यंत्रकंपन्यांचे शेअर पडतात, आणि त्याच वर्षी नेटवर्क विभागातली माणसंही कमी केली जातात. नॉर्टेलमध्ये २००० च्या अखेरीस ९० हजारांहून अधिक लोक कामाला होते. दोन-तीन वर्षांत निम्म्याहून बरेच कमी उरले. त्यांच्यातल्या ज्यांनी बचतही कंपनीच्याच शेअरमध्ये ठेवली होती, त्यांची नोकरी आणि पुंजी एकाच फटक्यात गेली. दोन होड्यांत पाय ठेवू नये म्हणतात. तुमचं तर उलटं आहे, दोन्ही पाय, दोन्ही हात आणि मुलीच्या शिक्षणाचा पैसा एकाच होडीत.

तेव्हा माझं म्हणणं असं. मुलीचा पैसा या विचारातून आजच बाजूला काढा. सहा वर्षं हा काळ या क्षेत्रासाठी फार तोकडा आहे, वर पाहिलंत तसं इथल्या एका घसरणीतून वर यायला त्याच्या दुप्पट-तिप्पटही लागू शकतात. तो पैसा मुदत ठेवी, चांगले रोखे अशा ठिकाणी असू दे, आणि प्रवेशाचं वर्ष जवळ येईल तसा अधिकाधिक सुरक्षित जागी जाऊ दे. यावर मला चर्चा नको आहे, एवढं ठामपणे मी सहसा लिहीत नाही.

उरलेल्या बचतीत या एका क्षेत्राचा वाटा, माझ्या मते, दहाव्या हिश्शाच्या वर जाऊ नये. तुमची नोकरी याच क्षेत्रात नसती तर मी ही मर्यादा कदाचित थोडी सैल सोडली असती. आणि हा दहावा हिस्सा मोजताना आधी बघा, तुमच्या मालकांनी दिलेले शेअर तुमच्याकडे आहेत का, तुमचा एखादा फंड तंत्रज्ञानाकडे झुकलेला आहे का. व्यापक इंडेक्स फंडात यातल्या बऱ्याच कंपन्या थोड्या थोड्या असतातच. अनेकांचा दहावा हिस्सा काही न करताच निम्मा भरलेला निघतो. कंपन्या दुसऱ्या देशातल्या असतील तर चलनाच्या चढउताराचा आणि कराचा हिशेब वेगळा करावा लागेल, तो तुमच्या कागदपत्रांसकट एखाद्या सल्लागारासमोर बसूनच करा.

एक सावधगिरी नोकरीची. तुमची कंपनी पुढच्या तिमाहीत कुणाला किती मोठी ऑर्डर देणार आहे, किंवा कुणाची यंत्रं बंद करणार आहे, हे जाहीर होण्याआधी तुम्हाला कळत असेल, तर त्या कंपनीचा शेअर घेणं-विकणं दोन्ही टाळा. बहुतेक देशांत तो गुन्हा आहे, आणि ‘मी तर साधा अभियंता’ हे उत्तर चालत नाही. ‘मी डोळ्यांनी बघतोय’ हे वाक्य वाचताना मला आधी हीच काळजी वाटली. घ्यायच्याच असतील तर ज्या कंपन्यांशी तुमच्या कामाचा संबंध नाही त्यांच्याकडे बघा, आणि तुमच्या मालकांचे यासंबंधीचे नियम आधी वाचा.

तुमच्या अनुभवाचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही. उपयोग आहे, पण तुम्ही समजताय त्याहून वेगळा. पुढची वाट कुठे आहे हे तुम्हाला बाजाराआधी कळेलच असं नाही. विक्रेत्याची बढाई मात्र तुम्ही चटकन ओळखाल. ‘आमची यंत्रणा दर बिटामागे निम्मी वीज खाते’ हे वाक्य वार्षिक अहवालात आलं की सामान्य गुंतवणूकदार मान डोलावतो, तुम्ही मात्र विचाराल, कुठल्या अंतरावर, कुठल्या मॉड्युलेशनवर? तोच बारकावा ताळेबंदाकडे वळवा. तिन्ही कंपन्यांचे गेल्या पाच वर्षांचे वार्षिक अहवाल उतरवून घ्या. दहा टक्क्यांहून अधिक विक्री ज्यांच्याकडे जाते अशा ग्राहकांचा उल्लेख शोधा, अमेरिकेतल्या अहवालांत तो असतोच. विक्री वाढत असताना ढोबळ नफ्याचं प्रमाण वाढतंय की घसरतंय ते पाहा. यंत्रवाल्यांत ते ४० टक्क्यांच्या आसपास असेल तर बरं चाललंय म्हणायचं, घसरत असेल तर वाढ भाव पाडून विकत घेतलेली आहे. न विकलेला साठा विक्रीपेक्षा वेगाने फुगतोय का ते तपासा. आणि शेअरांची एकूण संख्या पाहायला विसरू नका: कर्मचाऱ्यांना शेअर वाटून आणि कंपन्या शेअर देऊन विकत घेऊन ती वाढत गेली, तर कंपनी मोठी होते आणि तुमचा वाटा लहान होत जातो.

हे चार तिमाही करा, एकही शेअर न घेता. दर तिमाहीच्या निकालाआधी वहीत एक ओळ लिहा, ‘मला वाटतं असं होईल, कारण हे’, आणि निकालानंतर तिच्याखाली काय झालं ते. किती ओळींत वाहतुकीचा अंदाज बरोबर येऊन शेअर उलटा गेला, ते मोजा. वर्षभराने वही पत्नीच्या हातात द्या. त्यांना त्यातलं डब्ल्यूडीएम, म्हणजे ते अनेक रंगांचं तंत्र, कळायची गरज नाही, बरोबर-चूकच्या खुणा मोजता आल्या म्हणजे झालं. त्यांचं समाधान झालं तर दहाव्या हिश्शातली रक्कम एकदम न घालता वर्ष-दीड वर्षात तुकड्यातुकड्याने घाला, आणि त्याच वहीत आधी लिहून ठेवा की काय दिसलं तर तुम्ही विकाल. ‘भाव इतका पडला तर’ असं नव्हे, कारण या क्षेत्रात भाव उगाचही पडतो. ‘मोठ्या ग्राहकाने दुसरा पुरवठादार धरला तर’, ‘नफ्याचं प्रमाण दोन वर्षं सलग उतरलं तर’, असं काहीतरी पडताळता येईल असं.

वर्ष वाया गेलं आणि भाव निघून गेला तर, असं तुम्हाला आत्ता वाटत असेल. जाऊ शकतो. पण मेट्रोची लाट पुढच्या वर्षीही ‘पुढची’च असेल.

शेवटी एक छोटं काम. स्टोअरमध्ये ती काढलेली कार्डं आहेत म्हणालात. त्यांच्या मागे अजून जुनीही असतील, १० जीची, २.५ जीची, कुणी भंगारात दिली नसतील तर. सवड काढून एकदा आत जा आणि प्रत्येक कार्डाच्या पुढच्या पट्टीवर छापलेलं कंपनीचं नाव लिहून काढा. मग त्यातली किती नावं आज शेअर बाजारात त्याच नावाने सापडतात ते बघा. वहीचं पहिलं पान हेच असू द्या. मलाही ती यादी पाठवा. तुमच्या कंपनीचं आणि तुमचं नाव न सांगता मी ती इथे छापेन.